कैरीवरचे रोडगे

धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, आंब्याची कैरी मे सरत आला की मोठी अवघड वागते. बाहेरून हिरवीगार, कापली की कोयीभोवती पिवळी झाक. धड आंबट नाही, धड गोड नाही. लोणच्याला घ्यावी तर मऊ पडते, आढीत घालावी तर नुसती सुरकुतते. आमच्या हिवरखेडच्या घरी या दिवसांत वाऱ्यानं पडलेल्या अशा कैऱ्यांची टोपली ओसरीवर असते आणि येता-जाता जो तो मला सांगतो, "याइचं काही कर नं." यंदाही टोपली आली आहे. मी तिच्याकडे बघते आणि कूलरसमोर जाऊन बसते.

उन्हाळ्यात माणूस थकतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण माझा एक थकवा जुना आहे आणि तो दर वर्षी रोहिणीच्या उन्हासोबत वर येतो. शेतातल्या कामाचा थकवा पाठीत बसतो, झोपलं की उतरतो. हा कुठे बसतो ते मला अजून कळलेलं नाही. कैरीचा वास आला की तो जागा होतो, एवढं मात्र खरं.

मागच्या आठवड्यात नात्यातल्या एका लग्नाचे कपडे घ्यायला अकोल्याला गेले होते. रिक्षावाल्यानं गर्दी टाळायची म्हणून नेमकी क्लासेसच्या भागातून रिक्षा घातली. तिथल्या चौकांत या दिवसांत मोठमोठे फलक लागतात आणि त्यांवर पोरापोरींचे चेहरे. चष्मा लावलेले, केस चापून बसवलेले, छायाचित्रकारानं हस म्हटलं म्हणून हसलेले. मी दर वेळी त्यांच्या डोळ्यांखाली बघते. तिथली काळी वर्तुळं पुसून काढलेली असतात. मग रिक्षा आम्ही पूर्वी राहायचो त्या गल्लीच्या तोंडावरून गेली. वरच्या मजल्यावरच्या आमच्या जुन्या खोलीपुढे कोणीतरी बाई वाळलेले कपडे काढत होती. ओळखीची नव्हती, पण कपडे काढण्याची तिची रीत ओळखीची होती. एकेक कपडा ओढायचा, खांद्यावर टाकायचा, आणि मधेच विसरल्यासारखं दोरीला धरून उभं राहायचं.

त्या खोलीत मी आणि माझी मुलगी प्राची दोन वर्षं राहिलो. बारावीला नीटमध्ये तिचे मार्क कमी पडले म्हणून एक वर्ष पुन्हा. त्या वर्षी थोडक्यात हुकलं म्हणून आणखी एक. प्राचीचे बाबा गावाकडे, कपाशी आणि तूर बघत. मी इकडे, पोळ्या लाटत. आमच्या गल्लीत सगळ्या घरांनी वरचा मजला चढवून खोल्या काढल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत एक आई आणि एक परीक्षा राहत होती. बाप्ये फक्त रविवारी दिसत, हातात थैली घेऊन आलेले आणि चप्पल कुठे काढावी हे न कळून दारात उभे राहिलेले.

आम्हा बायांना एकमेकींची नावं बरेच दिवस ठाऊक नव्हती. एक तिवसावाली, एक धारणीवाली, मी हिवरखेडवाली. तिवसावालीचं नाव वंदनाताई हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तिचा मुलगाही प्राचीसारखाच दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा बसलेला. संध्याकाळी पोरं क्लासला गेली की आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर बसायचो. बोलायला विषय एकच, आणि त्यावर तर बोलायचं नाही असा नियम. म्हणून मग भाजी काय केली, नळ कधी येणार, कोणाच्या कूलरचा पंखा वाजतो, असलं काहीतरी. पण पायरीवरून उठता उठता कोणीतरी सांगायचीच की तिनं कुठल्या देवाला काय बोलून ठेवलं आहे. कोणी शेगावला पायी जाणार होती, कोणी मुलाच्या वजनाएवढा गूळ वाटणार होती. मी आमच्या गावच्या मारुतीला रोडगे बोलले होते.

रोडगा हे आमच्याकडचं रोजचं खाणं नाही. जाडसर दळलेल्या गव्हाची घट्ट कणीक भिजवायची, तिचे तूप लावून एकात एक गोळे भरायचे आणि शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे. राख झटकायची, फडक्यानं पुसायचे, हातानं कुस्करून तूप घालायचं. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. हे एका घरापुरतं कोणी करत नाही. नवस फिटला की पंगत बसवायची आणि रोडगे घालायचे. त्यामुळे वऱ्हाडात कुठे गोवऱ्यांचा धूर दिसला आणि बाजूला कणकेची परात दिसली, की माणसं आधी विचारतात, कोणाचं काय झालं. आणि न बोलावता येऊन बसतात. त्यात मानपानाचा प्रश्न नाही. उलट नवसाच्या पंगतीतून कोणाला जेवल्याविना जाऊ देणं वाईट.

तर माझा नवस सगळ्या गल्लीला माहीत होता. प्राचीलाही होता. मी तो तिच्यासमोरच बोलले होते, नारळ हातात धरून, मारुतीच्या पाराशी. तेव्हा तिनं मान खाली घातली होती, ती देवापुढे घातली असं मी समजले.

दुसऱ्या वर्षीची, मे महिन्यातली परीक्षा झाली आणि मग ते दिवस आले, ज्यांची मला अजून धास्ती वाटते. परीक्षेच्या आधीच्या दिवसांत निदान काम असतं. सकाळी उठवायचं, डबा करायचा, दिवा सुरू आहे की बंद ते बघायचं. परीक्षा संपली आणि सगळं थांबलं. निकाल लागायचा होता. पण उत्तरं बाहेर आली होती, आणि पोरं आपापले मार्क मोबाईलवर मोजून बसली होती. गल्लीत कोणाच्या खोलीतून हसू आलं की आम्ही समजायचो. कोणाच्या खोलीतून काहीच आलं नाही तरी समजायचो.

आमच्या खोलीतून काही येत नव्हतं. प्राचीनं मार्क मोजले की नाही, मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. खोली एवढी लहान की एकीनं कूस बदलली तर दुसरीला कळावं, आणि तरी आम्ही एकमेकींना कळू न देता राहत होतो. ती कूलरच्या तोंडाशी आडवी पडून मोबाईलवर कसकसले पदार्थ बघत राहायची. पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात कोणी गोरी बाई लोणी कालवते आहे, सफरचंदं चिरते आहे, भट्टीचं दार उघडते आहे. आवाज बंद करून बघायची. मी पाठमोरी बसून मटकी निवडायची. खडा एकही नसलेली मटकी मी त्या दिवसांत पुनःपुन्हा निवडली.

आणि घरमालकीण विचारत होती. शकुंतलाकाकू खाली राहायच्या. घर माळ्याचं, गावाबाहेर त्यांची फुलशेती होती, आणि दोन्ही मुलं ती बघायची. बाई स्वभावानं चांगली, बोलायला फटकळ. महिना संपायच्या आत त्यांना सांगायचं होतं, खोली पुढच्या वर्षाला ठेवायची की सोडायची. नव्या बॅचच्या आया चौकशीला येत होत्या.

"ठेवता का सोडता, येवढं एक सांगून टाका," त्या जिन्यात भेटल्या की म्हणायच्या.

"सांगतो काकू," मी म्हणायची.

ठेवते म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती, कारण आणखी एक वर्ष त्या पत्र्याच्या छपराखाली काढायची माझ्यात ताकद उरली नव्हती. सोडते म्हणायलाही उचलत नव्हती, कारण ते म्हणणं म्हणजे पोरीला तोंडावर सांगणं, की तुझ्याच्यानं होत नाही. तिला पुन्हा बसायचं असेल तर? तीन वर्षं जिनं मान वर केली नाही, तिच्या वाटेत माझा थकवा मी कसा आडवा घालू? म्हणून मी वाट बघत होते की ती बोलेल. ती पुन्हा मोबाईल बघायला लागायची.

त्या रविवारी प्राचीचे बाबा आले तेव्हा थैलीभर कैऱ्या घेऊन आले, धुऱ्यावरच्या, असल्याच अवघड वयाच्या. त्या कोपऱ्यात दोन दिवस पडून होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी प्राची उठून बसली.

"आई, या कैऱ्याइचं कॉबलर करून पाहू का?"

"ते काय असते?"

"खाली फळं अन् गोड. वरून पिठाचे गोळे. भट्टीत भाजतात."

"आपल्याजवळ भट्टी कुठची?"

तिनं वर पत्र्याकडे बघितलं. "भट्टीतच तर राहून राहिलो आपण."

कित्येक महिन्यांनी ती काहीतरी गमतीचं बोलली होती. मी हसले आणि माझ्याच हसण्याचा आवाज मला परका वाटला. कर म्हटलं. ती विष मागती तरी मी त्या क्षणी हो म्हटलं असतं.

माझं माहेर अमरावतीचं. आमच्या लहानपणी भाजणं म्हटलं की बेकरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून आम्हाला बेकरीत घेऊन जायची. तिथला कारागीर ते सगळं फेटून काळ्या पत्र्यांवर नानकटाया थापायचा आणि लांब दांड्यानं पत्रे भट्टीत सरकवायचा. आम्ही बाकावर बसून राखण करायची, कारण दुसऱ्याच्या कमी तुपाच्या नानकटाया आपल्या डब्यात येऊ शकतात अशी आईची पक्की खात्री. त्या भट्टीच्या दाराशी बसून अंग भाजून निघायचं, पण वास असा यायचा की उठवत नसे. त्या वासात मी कधी थकले होते असं आठवत नाही. पोरीलाही असंच काहीतरी हवं असेल, असं मला वाटलं. वाट बघावी आणि शेवटी नक्की खायला मिळावं, एवढंच.

आता भट्टी नाही, तर गॅसवर कढईत मीठ पसरून भाजता येतं म्हणे. पण त्या खोलीत तासभर गॅस पेटता ठेवला असता तर आम्हीच भाजून निघालो असतो. मी काकूंना विचारायला खाली गेले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचार केला.

"पोळीत पुरन भरतेत. हे तं पुरन खाली अन् पोळी वर. उलटंच झालं."

"तसंच म्हणा."

"गोवऱ्या हायेत माह्याजवळ. हिवाळ्यात पानी तापवाले ठेवल्या होत्या, त्या उरल्या. गच्चीवर पेटवू. ऊन उतरू द्या."

ऊन उतरलं तसं आम्ही खोलीपुढच्या गच्चीवर आलो. गच्ची पायाला चटका देत होती. काकूंनी दोन बादल्या पाणी ओतलं, ते वाफ होऊन गेलं. प्राचीनं कैऱ्या सोलून फोडी केल्या, गूळ चिरून घातला, वेलदोडा घातला, जाड बुडाच्या पातेल्यात सगळं पसरलं. मग वरचं पीठ. तिनं मोबाईलवर बघून मैदा, लोणी, दूध असं सैलसर कालवलं होतं. चमच्यानं टाकायचं म्हणाली.

काकूंनी वाकून बघितलं. "हे तं धिरड्याचं पीठ दिसते. गोवरीच्या जाळात याचं पानी होईन."

"काकू, असंच असते ते. मऊ."

"भट्टीत असन. भट्टी गोवरीची नसते."

दोघींचं थोडा वेळ चाललं. मी कोणाची बाजू घ्यावी हे न कळून गोवऱ्यांना वारा घालत बसले. शेवटी काकू खाली जाऊन आपल्या डब्यातली जाडसर कणीक घेऊन आल्या आणि प्राचीच्या पिठात मिसळून, तूप घालून तिला असं मळलं की ते पीठ प्राचीचं राहिलंच नाही. घट्ट गोळे झाले. प्राची हातांवर पीठ घेऊन बघत राहिली. मला वाटलं रडेल. पण ती खाली बसली आणि गोळे कैरीवर एकाला एक लागून मांडायला लागली. पातेल्यावर परात झाकली, परातीवर निखारे ठेवले, खाली निखारे होतेच.

कणीक उरली होती. काकूंचा हात तर जाळ फुकट घालवायला तयार होईना. त्यांनी उरलेल्या कणकेचे चांगले मोठे रोडगे वळले आणि बाजूच्या निखाऱ्यात पुरून टाकले. "असू दे, रातच्याले वरनासंग होतीन," त्या म्हणाल्या. माझ्याही मनात काही आलं नाही. एवढं मात्र आठवतं की धूर सरळ वर गेला. वारा अजिबात नव्हता.

मग कैरीचा वास सुटला. गूळ आणि कैरी एकत्र शिजताना येतो तो, आणि त्यात गोवरीचा. प्राची परातीच्या कडेला कान लावून खदखद ऐकत होती. तिच्या कपाळावर राख लागली होती. मी तिच्याकडे बघत होते आणि मला एवढंच वाटत होतं, की हे भाजणं लवकर होऊ नये. कारण ते झालं की आम्ही पुन्हा त्या खोलीत जाणार होतो.

जिन्यावर पावलं वाजली. वंदनाताई वर आल्या. त्यांनी साडी बदलली होती, हातात नारळ आणि हळदीकुंकवाची डबी. त्यांच्या मागे धारणीवाली, तिच्या मागे आणखी दोघीतिघी. सगळ्यांचे चेहरे असे उजळलेले, की मला आधी वाटलं यांच्यापैकीच कोणाचं काहीतरी झालं.

"धूर पाहिला अन् तवाच समजली मी," वंदनाताई म्हणाल्या. "लागला नं नंबर? किती मार्क पडले पोरीले? काहो हिवरखेडवाल्या, आमाले सांगाव तं लागते."

त्यांनी कुंकवाची डबी उघडून बोट बुडवलं होतं. निखाऱ्यातून रोडग्यांच्या पाठी दिसत होत्या. काकू चिमटा हातात धरून थबकल्या. मला सगळं उमगलं. नाही म्हणायला पाहिजे होतं, एवढं सोपं. पण वंदनाताईंच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो खोटा नव्हता. स्वतःच्या मुलाचं काही धड दिसत नसताना ती बाई दुसरीच्या पोरीसाठी साडी बदलून आली होती.

प्राची उभी राहिली. हात ओढणीला पुसले.

"वंदनाकाकू, हा नवस नाही. आमी कॉबलर करून राहिलो होतो," ती म्हणाली. "नंबर नाही लागत माझा. मार्क मोजले मी. मागच्या वर्षीपेक्षा बी कमी आहेत."

ती माझ्याकडे बघत नव्हती. वंदनाताईंच्या बोटावरच्या कुंकवाकडे बघत होती.

"अन् मी आता पुन्हा नाही बसत," ती म्हणाली.

मला त्या वेळी काय वाटलं ते नीट सांगता येईल का, माहीत नाही. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, तिच्यासाठी, त्या सगळ्या पहाटांसाठी. आणि त्याच्या खालोखाल, लाज वाटावी इतकं हलकं वाटलं. डोक्यावरचा भारा कोणी मागून उचलून घ्यावा आणि मान आपोआप वर यावी, तसं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

वंदनाताईंनी पुढे होऊन ते कुंकू प्राचीला लावलंच. बोटावर होतं, पुसून टाकायचं कसं, म्हणाल्या. आणि मग तिथेच गच्चीवर बसल्या, साडीच्या निऱ्या सावरायचंही भान न ठेवता. "आमच्याचं बी नाही लागत," त्या म्हणाल्या. "सांगत नाही तो. पन मले समजते." धारणीवालीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. नारळ तसाच कुशीत होता.

"आनलाच हाय तं फोडा," काकू म्हणाल्या. "अन् बसा समद्या. रोडगे झाले."

नवसाचे असोत नसोत, रोडगे निखाऱ्यातून निघाले की कोणाला उपाशी पाठवायचं नाही. आम्ही परात उतरवली. प्राचीचं कॉबलर मोबाईलमधल्यासारखं झालं नव्हतं. वरचे गोळे फुगले नाहीत, कडेनं करपले, आणि मधे इतके टणक झाले की चमचा रुतेना. खालच्या कैरीचा पार गुळांबा झाला होता. प्राचीनं चमच्यानं एकदा टोचून पाहिलं, मग चमचा ठेवला आणि गोळा हातात घेऊन रोडगा कुस्करतात तसा कुस्करला. काकूंनी वरून तुपाची धार सोडली. कैरीचा रस त्या चुऱ्यात शिरला. आम्ही ताटल्या कमी पडल्या म्हणून पळसाच्या पानांच्या पत्रावळींचे तुकडे केले आणि खाल्लं. फार छान लागलं असं मी म्हणणार नाही. करपल्याची चव होती, राखेचे कण दाताखाली येत होते. पण भुकेनं खाल्लं आणि सगळं संपलं. रोडगे वरणाविना संपले. प्राचीनं दोनदा घेतलं. मागून घेतलं.

काकूंनी हात धुता धुता विचारलं, "मंग खोलीचं काय?"

"सोडतो काकू," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि नळाखालच्या बादलीकडे गेल्या.

प्राची आता अमरावतीला आहे, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. हॉस्टेलवर राहते, माझ्या माहेरून तिला अधूनमधून डबा जातो. ती सुखी आहे का, हे मला विचारू नका. ती ठीक आहे. कधी फोनवर आवाज उतरलेला असतो, कधी मैत्रिणींच्या गलक्यात मला "आई, नंतर करतो" म्हणते आणि नंतर करत नाही, आणि मला त्याचं बरं वाटतं. तिच्या बरोबरीची एक मुलगी आता डॉक्टर व्हायच्या वाटेवर आहे, तिचा फोटो कोणीतरी गटावर टाकला तेव्हा दिवसभरात कितीदा तरी मी तो उघडून बघितला. प्राचीनं त्यावर अभिनंदन लिहिलं होतं. तिला काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. काही सवयी जात नाहीत. कॉबलर तिनं पुन्हा कधी केलं नाही. एकदा मीच म्हटलं तर म्हणाली, "उन्हाळ्यात कोण भट्टी पेटवते आई."

मारुतीचा तो नवस फेडायचा प्रश्न आला नाही. जे मागितलं ते मिळालं नाही, तर देणं लागत नाही, असा आमच्याकडे सरळ हिशेब. पण त्या पारावरून जाताना मी अजूनही चालणं जरा वेगानं करते. का, ते गच्चीवरच्या त्या संध्याकाळनंतर दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.

सकाळीच मी प्राचीच्या बाबांना फोन केला होता. रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. या माणसानं पोरीसाठी दोन वर्षं एकट्यानं चूल सांभाळली होती, रविवारची बस चुकवली नव्हती. त्याला हे कसं सांगावं. ते शेतात होते, फोनमधून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता.

"प्राची म्हणते, पुन्हा बसत नाही," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "मालूम आहे मले."

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं.

"आयकलं मी. इतवारी आलो होतो नं, तवाच बोलली ती माह्याजवळ. बसस्टँडवर सोडाले आली होती."

"अन् तुमी मले कावून नाही सांगितलं?"

"तिनंच नाही म्हटलं. म्हणे, आई मारुतीले बोलून बसली आहे. तिच्यासमोर आता नाही कसं म्हणू. म्हणे, मीच सांगीन सवडीनं."

पाराशी मान खाली घालून उभी असलेली माझी पोरगी मला दिसत होती. ती मान देवापुढे झुकली नव्हती. दोन वर्षं नारळ मी धरला होता आणि तोंड तिचं बंद होतं.

"आहे का फोनवर?" त्यांनी विचारलं.

"आहे. अजून काय म्हणे ती?"

बैलाला हाकारल्याचा आवाज आला.

"अजून काही नाही. रडत होती. म्हणे बाबा, माहं काय, होईन कसंबी. तुमी आईले घरी घेऊन जा. लय थकली ती."